माझ्या लिंबोणीवर केवडा पडला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. पण हसू नका. अर्धा असलो तरी बुडाकडचा अर्धा आहे, आणि ड्रमाची सगळी अब्रू त्याच्या बुडात असते.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही, भयंकर उकडत होतं एवढंच आठवतं. पुढे जन्मभर सोलापुरात राहायचं असल्यामुळे ती सवय कामाला आली. पहिली नोकरी लागली अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात. काम सोपं होतं, पाणी साठवायचं. तिथे पत्र्याची पिंपं होती, सिमेंटची टाकी होती, पण सगळी मंडळी कुठे ना कुठे पाझरायची. मी मात्र ठणठणीत! आलेल्या माणसासमोर मुकादम माझ्या पोटावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "बघा हो, थेंब गळत नाही याचा!" असं कुणी चारचौघांत म्हटलं की कुणाची छाती फुगणार नाही? माझी तर आधीच गोल होती.

मग एक दिवस कारखान्यात स्टीलची मोठी टाकी आली आणि मी मागच्या भिंतीला आडवा पडलो. एका मांजरीने माझ्या आडोशाला पिलं घातली. तेवढेच काय ते बरे दिवस. पुढे भंगारवाला आला आणि त्याच्याकडून मला सिद्धाप्पाने उचललं.

सिद्धाप्पा मंद्रूपचा. शेळ्यामेंढ्या राखतो, थोडी काळीभोर जमीन करतो आणि एवढ्या मोठ्याने बोलतो की शेजारच्या रानातला माणूस उत्तर देतो. त्याने मला करवतीने मधोमध कापलं. वरचा अर्धा त्याने उलटा ठेवला आणि शेळ्यांना पाणी पाजायला लावला. बिचारा तिथे आजही डोक्यावर उभा आहे. खालचा अर्धा, म्हणजे मी, त्याने ज्वारीच्या पोत्याबरोबर टेम्पोत घातला आणि जुळे सोलापूर या भागातल्या मालतीबाईंकडे आणला.

मालतीबाई शाळेत शिक्षिका होत्या. रिटायर झाल्या, तरी आवाज रिटायर झालेला नाही. त्यांचे यजमान वेणीमाधवराव तहसील कचेरीत कारकून होते. सिद्धाप्पाची आणि त्यांची ओळख तिथलीच. म्हणून सिद्धाप्पा अजून त्यांना 'भाऊसाहेब' म्हणतो. आता भाऊसाहेबांचा सगळा वेळ देवपूजेत जातो. सकाळी सोवळं नेसून बसले की घरात कुकरने शिट्टी देतानाही विचार करावा.

"बाई, झाड लावा हितं," सिद्धाप्पा मला अंगणात ठेवत म्हणाला. "लई दणकट हाय. माती बी आणलीय. आमच्या रानातली हाय, काळी. लोणी हाय लोणी!"

त्या लोण्याने त्याने मला काठोकाठ भरलं. आणि मग मालतीबाईंनी एका ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोप आणलं. ते फडकं त्यांनी ज्या हळुवारपणे उघडलं, त्यावरून मला कळलं की हे काही बाजारातलं रोप नव्हे.

मालतीबाईंचं माहेर नातेपुत्याचं. तिथल्या अंगणात त्यांच्या आईने लावलेली लिंबोणी होती. भावाने अंगणात दुकानाचे गाळे काढले आणि लिंबोणी तोडली. तोडण्याआधी मालतीबाईंनी तिच्या फांदीला गुटी बांधून घेतली होती. म्हणजे फांदीची साल थोडी खरवडायची, त्यावर ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की कापून घ्यायची. तशा दोन-तीन बांधल्या होत्या, जगली ती ही एकच. आई आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि भावाकडेच असतात. गाळ्यांच्या मागच्या खोलीत बसून त्या दर रविवारी फोन करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "लिंबोणी कशी आहे गं?"

तर अशी ती एकुलती एक लिंबोणी माझ्या पोटात आली. तिची मुळं हळूहळू पसरू लागली तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. मी मनात म्हटलं, पोरी, काळजी करू नकोस. तुझा एक थेंब मी वाया जाऊ देणार नाही!

इथेच घोटाळा होता, मित्रांनो. पण तेव्हा कुणाच्या लक्षात आला?

आता या घरची एक रीत सांगतो. पूजेचं पाणी मोरीत टाकायचं नाही आणि ते कुणाच्या पायाखालीही येता कामा नये. पाय लागला तर पाप. मग ते झाडाच्या बुंध्यात घालायचं. पूर्वी तुळशीला घालत होते, पण तुळस लहान कुंडीत, कुंडी भरून पाणी फरशीवर यायचं. मी आलो आणि भाऊसाहेबांचा प्रश्न सुटला. "काय छान ड्रम आहे! एक थेंब खाली येत नाही," ते म्हणाले आणि तांब्या माझ्यात रिकामा केला. पाणी, दूध, दही, मध, साखर, वर चिमूटभर भस्म. श्रावण लागला तशी रोज वाटीभर दुधाची भर पडली. सोमवारी विचारूच नका.

मालतीबाई तरी मागे कशा राहतील? चहाचा चोथा आला. कांद्याच्या सालींचं पाणी आलं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आलं. शिळं ताक आलं. शिवाय संध्याकाळी बोअरचं पाणी, तेही एवढं खारट की बादलीच्या कडेला पांढरा थर बसायचा. वरून पाऊस. सगळं माझ्यात जायचं आणि बाहेर काहीच यायचं नाही. सिद्धाप्पाचं लोणी खाली चिकट चिखल होऊन बसलं. रानात ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तिला मोकळं व्हायला जागा असते. माझ्या पोटात ती कुठे जाणार?

मग मुंग्या आल्या. चिलटं आली. आणि मग लिंबोणीची कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान पिवळं.

एका सकाळी सिद्धाप्पा शेळ्यांचं दूध द्यायला आला होता. चहाचा कप हातात धरून त्याने पान उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "बाई, हिच्यावर केवडा पडलाय की."

भाऊसाहेब आत पूजेला बसले होते. त्यांच्या कानावर एवढाच शब्द गेला. सोवळं सावरत ते बाहेर आले. "केवडा? आपल्याकडे?" आणि त्यांनी लिंबोणीत नाक खुपसून दीर्घ श्वास घेतला. "अजून मंद आहे वास. पण येतोय हं!"

मित्रांनो, तो वास केवड्याचा नव्हता. मागच्या सोमवारच्या दुधाचा होता. पण मला तोंड असतं तर मी हे सांगितलं नसतं का?

"अहो, तो रोग असेल काहीतरी," मालतीबाई म्हणाल्या.

"रोगाला कोण केवडा म्हणेल? काहीतरीच!"

"आमी म्हणतो की भाऊसाहेब," सिद्धाप्पा म्हणाला. "पान केवड्यावानी पिवळं पडतंय, म्हून केवडा. भुईमुगावर पडतोय, उसावर पडतोय."

पण तोवर भाऊसाहेब कुंपणापाशी जाऊन शेजारच्या चंद्रव्वांना बातमी देऊन आले होते. चंद्रव्वा ताट घेऊनच आल्या. "एक पान द्या की, गणपतीला वाहते," म्हणाल्या. रोग आहे म्हणून परोपरीने सांगितलं, पण त्यांचा काही विश्वास बसला नाही. एक पान द्यायचं जिवावर येतंय यांच्या, असं त्या गल्लीत सांगत राहिल्या. गणपती विसर्जन होईपर्यंत त्या मालतीबाईंशी बोलल्या नाहीत.

मालतीबाईंनी फोनवर वाचलं की असं पान म्हणजे झाडाला लोह कमी पडतंय. झालं! त्यांनी आत जाऊन भाऊसाहेबांच्या हत्यारांच्या डब्यातले सगळे गंजके खिळे आणले आणि माझ्यात खुपसले. तेवढ्यावर भागेना. डॉक्टरांनी त्यांना स्वतःला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. रोज जेवणानंतर त्या एक गोळी कुटायच्या आणि लिंबोणीला घालायच्या.

"अगं, मग तू काय घेतेस?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"माझं राहू द्या. मी काय आज मरतेय?"

सिद्धाप्पानेही मनावर घेतलं. "ताकद न्हाय तिच्यात," म्हणाला आणि पुढच्या खेपेला पोतंभर लेंडीखत घेऊन आला. नुसतं ताजं! मुरलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते ताजं खत चिखलावर पसरलं आणि माझ्या पोटात अशी आग पेटली की कारखान्यातला जन्म आठवला.

जो तो खायला घालत होता. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, हीच तर पंचाईत. रागावणार कुणावर? मला मात्र आतलं कळत होतं. तिची मुळं काळी पडून कुजायला लागली होती. मुळांनाही श्वास लागतो, मित्रांनो. मातीच्या कणांमध्ये हवा असावी लागते. माझ्या पोटात हवेच्या जागी पाणी भरलं होतं. नाक दाबून धरलेल्या माणसाला पुरणपोळी भरवली तर तो खाईल का? लोह काय, मातीत होतंच. पण भस्माने आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याने ते असं बांधून टाकलं होतं की तिला ते घेता येईना, आणि कुजलेल्या मुळांत घ्यायची ताकदही उरली नव्हती. मी ओरडत होतो, पण आवाज कुठे होता? भरलेल्या ड्रमावर थाप मारली तरी नुसता धप्प आवाज येतो.

रविवारी फोन वाजायचा. "लिंबोणी कशी आहे गं?"

"छान आहे आई," मालतीबाई माझ्यासमोर उभ्या राहून, गळलेली पानं पायाने बाजूला सारत म्हणायच्या. फोन ठेवला की पदर डोळ्यांना लावायच्या. एकदा फोनवर आई म्हणाल्या, "दिवाळीत मी येणार आहे. तुझा भाऊ गाडीने सोडतो म्हणालाय. लिंबोणीला बघायचंय एकदा." मालतीबाई "ये की" म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. त्या रडल्या त्या दिवशी. भाऊसाहेबांना काय करावं कळेना. त्यांनी देवाला जास्तीचा अभिषेक केला. त्याचं पाणी कुठे गेलं हे सांगायला नकोच.

नवरात्र जवळ आलं तोवर लिंबोणीवर मोजकी पानं उरली होती. सिद्धाप्पा आला, तिच्याकडे बघून हळहळला आणि म्हणाला, "बाई, काय आता हिचं खरं न्हाय. वाईट वाटून घेऊ नका. पर ही गेली की ड्रम मला द्या. बोकडांना पाण्याला हुईल. मंद्रूपचा ह्येचा वरचा अर्धा भाऊ बुचापाशी झिरपाय लागलाय. ह्यो बघा की!" त्याने खाली वाकून माझ्या बुडाभोवती हात फिरवला. "कोरडा ठाक! एवढं पाणी घालताय, एक थेंब गळला न्हाय. लई झकास ड्रम हाय!"

असं कौतुक मला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. मी फुगणार, इतक्यात मालतीबाईंनी मान वर केली.

"काय म्हणालास?"

"लई झकास ड्रम—"

"त्याच्या आधी."

"थेंब गळला न्हाय म्हणालो की."

"मग पाणी जातं कुठं?" मालतीबाई उठून उभ्या राहिल्या. "रोजचं माझं पाणी, यांचा अभिषेक, वर पाऊस. सगळं जातं कुठं?"

भाऊसाहेबांनी तांब्या हळूच पाठीमागे नेला. मालतीबाईंनी कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि माझ्यात खुपसली. काठी 'बचक' करून आत गेली. बाहेर काढली तेव्हा ती अर्धी काळी झाली होती आणि असा वास सुटला की शेजारी चंद्रव्वांनी खिडकी लावून घेतली.

"सिद्धाप्पा, सळई तापव. भोकं पाडायची."

"ह्येला?" सिद्धाप्पा कळवळला. "बाई, असला ड्रम आता मिळत न्हाय! मी फुटका देतो की दुसरा. ह्येला कशाला भोसकताय?"

"सिद्धाप्पा!" हा शाळेतला आवाज होता. सिद्धाप्पा निमूटपणे गॅसपाशी गेला.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते कसं सांगू? जन्मभर ज्या एका गुणावर मी मिरवलो, तोच आता माझ्या अंगातून काढून घेणार होते. पण माझ्या पोटातली ती पोर गुदमरत होती. मी म्हटलं, पाड बाबा. मोठी पाड.

लालबुंद सळई माझ्या बुडाशी लागली आणि चर्रर्र झालं. पहिलं भोक पडलं आणि त्यातून जी धार सुटली! काळी, फेसाळ, साऱ्या श्रावणाचं दूध पोटात घेतलेली धार. ती थेट फरशीवरून भाऊसाहेबांच्या पायांकडे निघाली. ते नुकतेच आंघोळ करून सोवळ्यात उभे होते.

"अरे, अरे, घाण आली!" म्हणत ते मागे सरकले.

"घाण काय म्हणता? तीर्थ आहे तुमचं," मालतीबाई म्हणाल्या. "पाय लावू नका हं, पाप लागेल."

भाऊसाहेब एका पायावर उभे राहिले. धार दोन्ही बाजूंनी पसरली. मग त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर उडी मारली आणि तिथेच तांब्या पोटाशी धरून बसून राहिले. खाली उतरावं तर तीर्थ पायाखाली येणार, बसून राहावं तर वासाने जीव जाणार. सिद्धाप्पा हसून हसून हातातली सळई खाली ठेवून बसला. मालतीबाईही हसल्या. कितीतरी आठवड्यांनी हसल्या असतील.

मग काम सुरू झालं. लिंबोणीला अलगद बाहेर काढलं. कुजलेली मुळं कात्रीने कापली. माझ्या बुडाला आणखी भोकं पाडली, त्यांवर कौलाचे तुकडे टेकवले, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. मला चार विटांवर बसवलं. सिद्धाप्पाची काळी माती टाकून दिली नाही. तिच्यात जीव होताच, फक्त तिला सोबत हवी होती. तिच्यात जाडी वाळू मिसळली, नारळाच्या शेंड्यांचा भुगा मिसळला आणि चांगलं मुरलेलं, वास न येणारं शेणखत घातलं. ताज्या लेंड्या अंगणाच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याखाली मुरायला घातल्या. "कुजू दे आधी, मग बघू," मालतीबाई म्हणाल्या. बोअरचं पाणी बंद केलं आणि नळाला पाणी आलं की तेच साठवून द्यायचं ठरलं. हिराकस नावाचं लोहाचं खत असतं, त्याची चिमूट शेणखतात मुरवून मागाहून दिली. खिळे भाऊसाहेबांनी धुऊन डब्यात ठेवले. गोळ्या मालतीबाईंनी स्वतः घ्यायला सुरुवात केली आणि त्यांच्याही चेहऱ्यावर थोडा रंग आला.

आणि पूजेचं पाणी? भाऊसाहेबांनी खूप विचार केला. शेवटी अंगणाच्या कडेला, जिथे फरशी नाही आणि कुणी जातही नाही, तिथे एक आळं केलं. तिथे आता केळ वाढलीय. केळीला मात्र कितीही पाजा, ती नको म्हणत नाही.

पुढचे कित्येक दिवस काहीच झालं नाही. मालतीबाई रोज बोट मातीत घालून बघायच्या आणि ओल असेल तर पाणी न घालता परत जायच्या. पाणी न घालता परत जाणं त्यांना किती जड जायचं, ते मी बघितलंय. मग एका सकाळी फांदीच्या टोकाला तांबूस हिरवा कोंब दिसला. मालतीबाईंनी अशी हाक मारली की भाऊसाहेब पूजा अर्धी टाकून आले. या घरात असं पहिल्यांदाच झालं.

दिवाळीत आई आल्या. एवढ्याशा, वाकलेल्या, काठी टेकत. पाणीसुद्धा न घेता त्या सरळ माझ्यापाशी आल्या. लिंबोणी अजून बारकीच होती, मोजकीच पानं होती, पण सगळी हिरवी. आईंनी तिला खालून वरून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढीशीच? हिला काही खायला घालतेस की नाही गं?"

फराळाला आलेला सिद्धाप्पा आभाळाकडे बघू लागला. भाऊसाहेब खोकले.

"घालते आई," मालतीबाई म्हणाल्या. "मागेल तेवढंच घालते."

आईंनी एक पान तोडलं, बोटांत चुरडलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. "आपलीच आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "तिथली तोडली ना, तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही. पण माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता गं."

मालतीबाईंना राहवेना. "आई, ही पण जाणार होती. मी तुला फोनवर खोटं सांगत होते."

"मला ठाऊक होतं. 'छान आहे' फार घाईने म्हणायचीस तू." आईंनी लेकीचा हात धरला. "पुढच्या वर्षी हिची एक गुटी मला दे. माझ्या खोलीपुढे थोडी जागा सोडलीय त्यांनी. तिथे लावीन म्हणते."

"आजी, ड्रम मी देतो!" सिद्धाप्पा ओरडला.

"भोकं पाडून!" मालतीबाई आणि भाऊसाहेब एकदमच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी कुंडी असेल. तिच्यातलं पान पिवळं पडलं की लगेच वाटी घेऊन धावू नका. आधी खाली वाका आणि पाणी बाहेर पडतंय का बघा. मातीत बोट घाला, ती चिकट आहे की मोकळी ते बघा, तिचा वास घ्या. पुरे झालं म्हणून ताटावर हात आडवा धरायला झाडाला हात नसतो, मित्रांनो. तेवढा हात तुम्ही धरा.